इस्क्राचं अक्षर

लोझानकाकांचं बोट दगडावरून फिरता फिरता मध्येच अडलं.

"इथं काहीतरी टोचतंय."

"काका, काल अख्खा दिवस घासलाय मी तो," मी म्हटलं. "माशी बसली तरी घसरेल."

"तुझ्या घासण्याला कोण नावं ठेवतंय? हे अक्षर बघ."

काकांचा जन्म डॅन्यूबवर मासे धरण्यात गेला. जाळ्यातली एक गाठ सैल असली तरी त्यांच्या बोटांना न बघता कळायची, म्हणून मी निमूट चष्मा चढवला. दगड त्यांच्या बायकोचा, दोचकामावशीचा होता. मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. येत्या शनिवारी तिचं वर्ष होतं, त्यासाठी स्पेनमधून मुलगी नातवंडांना घेऊन येणार होती, आणि त्याआधी दगड थडग्यावर उभा राहायला हवा होता. बाहेर शेजाऱ्याची व्हॅन इंजिन चालू ठेवून थांबली होती.

"दोचका इलिएवा पेत्कोवा," मी वाचलं. "बरोबर तर आहे."

"आता खालचं साल वाच."

"एकोणीसशे चव्वेचाळीस."

"सालातले चार बघ. मग नावातला 'च' बघ."

मी वाकून दोन्ही ताडून बघितले. आमच्या लिपीतला 'च', म्हणजे Ч, आणि डोकं उघडं ठेवून काढलेला 4 म्हणजे सख्खी भावंडं. फरक एवढाच, की चारची आडवी रेघ उजवीकडे किंचित बाहेर डोकावते. तीच रेघ काकांच्या बोटाला लागली होती. दगडावर दोचका नव्हतीच. 'दो4का' होती.

"मेतोदी!" मी ओरडलो. "अरे ए बहिऱ्या! यंत्र बंद कर आणि इकडे ये!"

मेतोदी हात पुसत आला. कोरणाऱ्या यंत्राशेजारी इतकी वर्षं काढल्यावर त्याला निम्मंच ऐकू यायचं, पण माझा चेहरा बघून त्याला काय ते समजलं. तो दगडावर वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी 'च' वाचला," तो म्हणाला.

"मी पण तेच वाचलं की," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. यंत्रावर चढवण्याआधी मजकूर दोघांनी वाचायचा असा आमचा नियम, आणि दोघांनीही तो वाचला होता.

ही चूक आमच्याच गावात होऊ शकते, आणि आमच्या गावातही मेतोदीच्याच हातून. ती कशी झाली ते सांगायचं तर मेतोदीपासून सुरुवात करायला हवी.

मी म्लादेन. नावाचा अर्थ तरुण असा आहे. आईबापांनी फार पुढचा विचार केलेला दिसत नाही. मी थडग्यांचे दगड घासतो आणि मेतोदी त्यांवर अक्षरं कोरायचा. पूर्वी आम्ही दोघंही गणकयंत्रांच्या कारखान्यात होतो. तेव्हा अर्धं गाव तिथेच असायचं. मी पेट्यांना रंग द्यायचो, तो पांढरा कोट घालून काळ्या पडद्यासमोर बसायचा. राज्य बदललं, कारखाना बंद पडला, रंगवायला पेट्या उरल्या नाहीत. त्या गावात धंदा एकच वाढत गेला. व्हेंत्सीला ते वेळेवर सुचलं. त्याने दगडांची शेड टाकली, मला घेतलं आणि इटलीतून एक वापरलेलं कोरायचं यंत्र आणलं.

यंत्र चांगलं दणकट होतं, पण त्याला फक्त त्याच्या मुलखातली अक्षरं येत होती. आमची एकही नाही. व्हेंत्सी डोकं धरून बसला. तेव्हा मीच मेतोदीला ओढून आणलं. ज्या संतांनी आमच्या लोकांना अक्षरं दिली त्यांतल्या एकाचं नाव मेतोदी. मी म्हटलं, "संत महाराज, एकदा दिलीत, आता या इटालियन गाढवालाही द्या."

आणि त्याने दिली. एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्यात चित्र नाही, बटण नाही, काही नाही. काळी खिडकी आणि लुकलुकणारी रेघ. तिथे हुकूम टाइप करायचा: आधी प्रोग्रॅमचं नाव, मग मजकुराची फाइल, मग यंत्रासाठी जी फाइल बनवायची तिचं नाव, आणि एंटर. मजकुराची फाइल तुम्ही-आम्ही वाचू शकतो. तिच्यातून जी तयार होते ती बायनरी, फक्त यंत्राच्या कामाची. एकदा हौसेनं मी ती उघडून बघितली. पडदाभर मायमुनित्सा! बिघडलेल्या अक्षरांना आम्ही हेच म्हणतो, माकडांची लिपी.

"ह्यात आपला पोस्टमास्तर कुठाय?" मी विचारलं होतं. त्या दिवशी पोस्टमास्तरांचा दगड होता.

"आहे की. आता त्याला यंत्रच ओळखणार."

"मग ह्यातून परत नाव काढता येतं?"

"नाही. इकडून तिकडे जाता येतं. तिकडून इकडे नाही."

त्या प्रोग्रॅमची आणखी एक खोड होती. तो बोलायचा नाही. चूक असली तरच एक ओळ यायची. सगळं ठीक असलं की नुसती रेघ पुन्हा लुकलुकायला लागायची. माणूस निदान 'झालं' एवढं तरी म्हणतो. मेतोदीला त्याचं काही वाटायचं नाही. "बोलला नाही म्हणजे झालं," तो म्हणायचा. बायकोचा फोन आला नाही की तिच्याबद्दलही हेच म्हणायचा.

बायको म्हणजे इस्क्रा. कारखान्यात ती यंत्रांच्या आराखड्यांवर अक्षरं काढायची, आणि तिच्यासारखं वळण त्या सबंध कारखान्यात कुणाचं नव्हतं. तिच्या 'द'ला खाली डावीकडे वळणारी शेपूट असायची आणि तिचा चार वरून उघडा असायचा. मेतोदीने प्रोग्रॅम लिहायला घेतला तेव्हा एका हिवाळ्यात तिला स्वयंपाकघरात बसवून चौकटीच्या कागदावर सगळी अक्षरं आणि आकडे लिहून घेतले. मग प्रत्येक वळण मोजून आकड्यांत बसवलं. चुलीवर मिरच्या भाजल्या जातायत, राली नावाची त्यांची पोर टेबलाखाली खेळतेय आणि हे दोघं आमच्या किड्यासारख्या दिसणाऱ्या 'ज'च्या पायांवरून भांडतायत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

"पाय जरा पसरू दे की त्याचे."

"माझा 'ज' आहे, मी ठरवणार! तू तुझा दगड फोड."

तेव्हापासून गावात जो मेला तो इस्क्राच्या अक्षराखाली झोपला. आमच्या स्मशानात फिरलात तर एकाच बाईने सगळ्यांना पत्रं लिहिल्यासारखं वाटेल.

ती स्वतः पुढच्या शरदात गेली, इटलीत, म्हाताऱ्यांची सेवा करायला. व्हेंत्सीच्या दगडांवर दोन माणसांचं घर चालेल, पण पोरीचं शिक्षण नाही. दोन वर्षांसाठी म्हणून गेली. मी मेतोदीला चिडवायचो, "इटलीने तुला एक यंत्र दिलं आणि एक बायको नेली. सौदा बरा झाला का?" पहिली काही वर्षं तो हसायचा. मग मी चिडवणं सोडून दिलं. पुढे राली मोठी झाली आणि आईकडेच गेली, तिथेच लग्न केलं, तिला जुलिया ही मुलगी झाली. इस्क्राने सांभाळलेल्या म्हाताऱ्या एकेक करून वारल्या आणि ती नातीला सांभाळू लागली.

तिचे निरोप फोनवर यायचे. तिच्या फोनात आमची अक्षरं नव्हती, म्हणून ती बाहेर गेलेले सगळेच लिहितात तसं परक्या अक्षरांत लिहायची. परक्या लिपीला आमचे काही आवाज येत नाहीत, तिथे आकडे घालायचे. चारला आम्ही 'चेतिरी' म्हणतो, म्हणून 'च'च्या जागी चार. सहाला 'शेस्त', म्हणून 'श'च्या जागी सहा. पहिल्यांदा ते पाढ्यांसारखं दिसतं. पण वर्षानुवर्षं बायकोचं बोलणं त्याच आकड्यांतून वाचलं की चार दिसतच नाही, 'च'च दिसतो. लोझानकाकांच्या मुलीने आईचं नाव तसंच लिहून पाठवलं. मेतोदीने ते आमच्या अक्षरांत उतरवलं, पण 'च'च्या जागी बोटाने चारच दाबला. प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. थडग्यावर आकडे येतातच. त्याला काय कळणार की हा सालातला नव्हे, नावातला आहे?

"काका," मेतोदी म्हणाला, "चूक माझी आहे. नवा दगड घेऊन करून देतो."

"शनिवारच्या आत?"

त्या रंगाचा दगड यायलाच पंधरवडा लागतो.

"भरून काढू," मी म्हटलं. "राळेत दगडाची पूड कालवायची आणि वरून पुन्हा कोरायचं. पण डाग राहील. उन्हात तर दिसेलच."

काका स्टुलावर बसले. येताना त्यांनी उकडलेला गहू आणला होता, वर साखर आणि कुटलेले अक्रोड, मेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात तसा. प्लास्टिकच्या पेल्यांत घालून आम्हाला दिला. आम्ही उभ्यानेच घास घेतला आणि म्हटलं, "देव तिला क्षमा करो."

"करेल," काका म्हणाले. "त्याला दुसरं काम काय आहे?" मग दगडाकडे बघत म्हणाले, "पोरीने फोनवर असंच लिहिलं होतं?"

"असंच. चार घालून."

"तिची पोरं पण असंच लिहितात. आपलं अक्षर एकालाही येत नाही. मागच्या वेळी धाकटा मला विचारत होता, आजोबा, ही चित्रं कसली?" काकांनी पुन्हा त्या चारवर बोट ठेवलं. "राहू दे. आज्जीच्या नावातलं एवढं एक तरी त्यांना वाचता येईल."

"काका, असं कसं राहू द्यायचं?" मेतोदीचा आवाज चिरकला.

"अरे, राहू दे म्हणतो ना. शाळेत सहापैकी चार गुण तिला कधी मिळाले नाहीत. बाई तीन देऊन पुढे ढकलायच्या. आता मिळाले, कुणी खोडायचे नाहीत."

ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. आम्ही दगड गोधडीत गुंडाळून व्हॅनमध्ये चढवला. काका ड्रायव्हरशेजारी न बसता मागे दगडापाशी बसून गेले.

त्यानंतर मेतोदी यंत्रापाशी गेलाच नाही. बाकावर बसून राहिला. आणि नेमका त्याच दिवशी व्हेंत्सी आला. व्हेंत्सी माणूस वाईट नाही. वाईट बातमी सांगायची असली की घरची द्राक्षाची दारू घेऊन येतो, एवढंच. बाटली बघितल्यावर मी म्हटलं, "बोल, कोण गेलं?"

"कोणी नाही. आपणच चाललोय." त्याने तीन पेले भरले. "जावयाने जिल्ह्याच्या गावाला नवं यंत्र घेतलंय. मीही तिकडेच जातो. गावात आता दगड लावणारेसुद्धा उरले नाहीत. ही शेड महिनाअखेरीला बंद."

"आणि हे?" मेतोदीने यंत्राकडे हात केला.

"भंगारात. झिजून गेलंय आतून, तुला माहीतच आहे."

"नव्याला हुकूम कसा देतात?"

"हुकूम वगैरे काही नाही रे. फोनवरून फोटो टाकला की ते आपोआप कोरतं."

"अक्षरं?"

"आहेत की त्यात. शंभर तऱ्हेची."

"इस्क्राचं?"

व्हेंत्सीने पेला खाली ठेवला आणि तो आपल्या बुटांकडे बघू लागला. मग भिंतीकडे मान करून म्हणाला, "तुमचा तो काळा दगड आहे ना, तो तेवढ्यात करून घ्या. दोघांचा. दगड माझ्याकडून समज."

तो काळा दगड पोत्याखाली भिंतीला टेकून उभा होता. आमच्याकडे नवरा-बायको असा जोडीचा दगड जिवंतपणीच करून ठेवतात. नाव आणि जन्मसाल घालायचं, पुढे एक रेघ ओढायची आणि रेघेपुढची जागा मोकळी सोडायची. काहींना तो अपशकुन वाटतो. माझं म्हणणं, आपली जागा ठरलेली असली की झोप बरी लागते. मेतोदीने दगड कोरायचा मात्र ठेवला होता. इस्क्रा कायमची परत आली की दोघांनी मिळून हुकूम द्यायचा, असं त्याने मनाशी योजलं होतं.

दगड निवडला तेव्हा ती होती इथे. गेल्याच्या गेल्या ईस्टरला आठवडाभर आली होती. मी तिला शेडमध्ये आणून पोतं काढून दाखवलं. मीच विचारलं, "मग इस्क्रा, ठरलं ना? डावीकडे हा, उजवीकडे तू?" तिने दगडाकडे बघितलं आणि नुसती मान वरखाली केली. आमच्याकडे मान आडवी हलवली की हो आणि वरखाली केली की नाही. बाकीचं जग उलटं चालतं, त्याला आमचा इलाज नाही. क्षणभर मेतोदीचा चेहरा पडला. मग तो मोठ्याने हसला. "अरे, ही इटालियन झाली! मानसुद्धा तिकडची हलवायला लागली!" मीही हसलो. इस्क्राही हसली. त्या हसण्यात कुणी पुन्हा विचारलं नाही, आणि मेतोदी पुढचे कितीतरी दिवस ज्याला त्याला तो किस्सा सांगत होता.

व्हेंत्सी गेल्यावर मेतोदी म्हणाला, "तिला फोन करतो. तू बस इथंच. काही निसटलं तर सांग." फोन टेबलावर ठेवून त्याने आवाज मोठा केला.

"काय रे, काय झालं?" इस्क्राचा आवाज आला. "आज रविवार नाही."

"काही नाही झालं. यंत्र चाललंय. भंगारात."

"अगं बाई! आणि तू?"

"मला काय धाड भरलीय? पेन्शन आहे. ते राहू दे. मी म्हणतो, त्याआधी आपला दगड करून घेऊ. तुझं अक्षर परत कुठून आणायचं? तर तुझं नाव घालतो."

पलीकडे एक लहान मुलगी काहीतरी भराभर विचारत होती. इस्क्राने तिला तिच्याच भाषेत गप्प केलं.

"म्लादेन आहे का तिथं?"

"आहे," मी म्हटलं.

"जेवलास?"

"जेवलो." मी उठायला लागलो तर मेतोदीने माझी बाही धरली.

"मेतोदी," ती म्हणाली, "माझं नाव नको घालूस."

तो माझ्याकडे वळला. "काय म्हणाली?"

आयुष्यात मी बरीच वाईट कामं केली आहेत. भर थंडीत खड्डे खणलेत, लहान मुलांचे दगड घासलेत. पण ते वाक्य पुन्हा उच्चारण्याइतकं जड काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणाली, नाव नको घालूस."

"अगं, तारीख थोडीच घालतोय? रेघ ओढून मोकळी सोडायची. सगळेच करतात."

"तारखेचं नाही रे. मी नाही येणार तिकडे."

"या वर्षी?"

"कधीच नाही." तिने ते हळू म्हटलं, पण ते त्याला ऐकू गेलं. "जुलिया इथं आहे. राली आहे. मी मेले तर रविवारी पाच मिनिटं तरी फुलं घेऊन येतील. तिकडे कोण येणार मला? तू आहेस तोवर तू. मग?"

"म्लादेन आहे की."

"म्लादेन तुझ्यापेक्षा मोठा आहे."

एरवी मी यावर काहीतरी चुरचुरीत बोललो असतो.

"तू इकडे ये ना," इस्क्रा म्हणाली. "कितीदा सांगितलं."

"आलो होतो की."

"एक हिवाळा."

"खिडकीत बसून होतो, इस्क्रा. पाव आणायला गेलो तरी रालीला संगती न्यावं लागायचं. तिथं मला कुणी वाचू शकत नव्हतं." तो थांबला. मग लहान मुलाने हट्टाने आठवण करून द्यावी तसं म्हणाला, "पण तू तर हो म्हणाली होतीस. ईस्टरला. मान हलवलीस की दगडापुढं."

"नाही म्हणूनच हलवली होती."

"आँ?"

या वेळी त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ऐकू आलं होतं.

"आपल्याच पद्धतीने हलवली होती रे. तुम्ही दोघं हसायला लागलात. मग परत सांगायचा धीर नाही झाला." ती रडत होती. "मी तुझी फसवणूक केली नाही, मेतोदी. खरंच नाही."

"नाही, नाही," तो म्हणाला. "चुकीचं मीच वाचलं." मग त्याने विचारलं, "तुझ्या गुडघ्याचं कसं आहे?"

"तसंच."

"गरम मोजे घालत जा. तिकडे दमट असतं." आणि त्याने फोन बंद केला.

मी त्याच्या पेल्यात दारू ओतली. त्याने ती घेतली नाही. थोडी जमिनीवर ओतली, मेलेल्यांसाठी ओततात तशी, आणि पेला पालथा घातला. मला वाटलं, आता तो घरी जाईल. पण तो उठला, काळ्या दगडावरचं पोतं काढलं आणि म्हणाला, "एक बाजू धर."

आम्ही दगड यंत्रावर चढवला. मेतोदी पडद्यासमोर बसला आणि नवी फाइल उघडली. डाव्या बाजूला स्वतःचं नाव, आडनाव, जन्मसाल, रेघ. मग तो उजव्या बाजूला गेला आणि नुसती मोकळी जागा सोडायची पट्टी दाबू लागला. एकदा दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा.

"उजवीकडे काही यायचं नाही ना? मग सोडून दे की ती बाजू," मी म्हटलं.

त्याने पट्टी पुन्हा दाबली. मी त्याच्या ओठांकडे बघितलं तेव्हा समजलं. तो तिचं नाव उच्चारत होता, एकेक अक्षर, आणि प्रत्येक अक्षरासाठी एक मोकळी जागा सोडत होता. नाव झालं, आडनाव झालं, खाली तिचं जन्मसालही झालं. पडद्यावर उजवीकडे काहीच नव्हतं.

"वाच," तो म्हणाला. नियम होता.

मी वाकून वाचलं. डावी बाजू नीट वाचली. आकडे आकड्यांच्या जागी होते, अक्षरं अक्षरांच्या जागी. उजवी बाजूही वाचली.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्याने हुकूम टाइप केला आणि एंटर दाबलं. प्रोग्रॅम काही बोलला नाही.

यंत्र सुरू झालं. डाव्या बाजूवर हिऱ्याची सुई थरथरत खाली आली आणि पांढरी धूळ उडायला लागली. मेतोदीचं नाव इस्क्राच्या हाताने दगडावर उतरलं. 'द'ची शेपूट सुद्धा नीट डावीकडे वळली. शेवटची रेघ ओढून सुई वर उचलली गेली आणि दगडाच्या उजव्या बाजूला सरकली. मला वाटलं आता थांबेल. पण मेतोदीने फार पूर्वीच प्रोग्रॅममध्ये मोकळ्या जागेलाही अक्षराएवढाच वेळ दिलेला होता. सुई दगडापासून बोटभर वर, हवेतच, पहिल्या जागेवर थांबली. मग पुढच्या जागेवर. मग त्याच्या पुढच्या. आवाज नाही, धूळ नाही. एरवी या यंत्राच्या गोंगाटात आम्हाला ओरडून बोलावं लागायचं. त्या वेळी बाहेरच्या चिमण्या ऐकू येत होत्या. मेतोदीने टोपी काढून हातात घेतली होती.

नाव संपलं, आडनाव संपलं. सुई खालच्या ओळीवर गेली, तिथेही जन्मसालाएवढी थांबत थांबत पुढे सरकली आणि मग आपल्या घरट्यात परत आली.

मी फडकं घेऊन डाव्या बाजूची धूळ पुसली. अक्षर सुरेख आलं होतं. मग मेतोदीने माझ्या हातातून फडकं घेतलं आणि उजवी बाजू पुसायला लागला, सावकाश, एकेक जागा. तिथे धूळ पडलीच नव्हती.